अकरा जणी आणि हलणारी भिंत

मागच्या वर्षीच्या पाकिटावरची बाई कोण होती, हे अजून कुणालाही कळलेलं नाही. गोरीपान, कानात मोत्यांचे झुबे, अंगावर हिरवीगार साडी आणि हातात पिकलेला हापूस. पाकिटात मात्र आमचूर होता. आमचूर कच्च्या आंब्याच्या फोडी वाळवून करतात, त्यात हापूसचा काही संबंध येत नाही. आणि तो करणाऱ्या बायका धडगावच्या वरच्या डोंगरात राहतात. त्यांच्यातल्या कुणाच्याही कानात मोत्यांचे झुबे मी पाहिले नाहीत.

हे पाकीट मला कोल्हापूरच्या एका मेळाव्यात मिळालं. स्टॉलवर पन्नाशीच्या रेवलीबाई बसल्या होत्या. मी पाकिटावर बोट ठेवून विचारलं, "ही तुमच्यातली कोण?"

"कोणी नाही. छापणारा म्हणाला, ती तुम्हा सगळ्यांच्या वतीनं आहे. प्रतीक आहे." मग त्या पुढे म्हणाल्या, "लोक येतात आणि मला विचारतात, मालकीणबाई कुठे गेल्या? मी म्हणते, जेवायला."

एवढं ऐकल्यावर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. माझी आई इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत आयुष्यभर राबली. आमच्या घरी भाकरी पत्रकात गुंडाळली जायची, दुधाच्या पातेल्यावर पत्रक झाकलेलं असायचं, आणि मी अक्षरं गिरवली तीही जुन्या मागणीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. तेव्हा श्रम कुणाचे आणि चेहरा कुणाचा, या विषयावर मी त्या स्टॉलसमोरच उभं राहून वीस मिनिटं बोलले. तेवढ्या वेळात एकही पाकीट खपलं नाही.

रेवलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? मग तू ये आणि आमचा फोटो काढ. अकरा जणी आहोत. आंबे उतरले की ये."

मे महिन्यात निरोप आला. नव्या पाकिटांचं छपाईचं काम सुरतेच्या एका छापखान्याकडे होतं आणि त्याने स्पष्ट सांगितलं होतं की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोटो आला तर ठीक, नाहीतर मागचंच लेबल पुन्हा छापायला टाकतो. मोबाइलचा फोटो त्याला नको होता, मोठा हवा होता. शनिवारपासून लग्नांसाठी निम्म्या बायका पांगणार होत्या. म्हणजे शुक्रवार गेला की पुढचं वर्षभर त्या झुबेवालीचं राज्य.

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. आमच्या गल्लीतल्या नीलेशने, पक्ष्यांच्या मागे रानोमाळ हिंडणाऱ्या माझ्या मित्राने, त्याचा मिररलेस कॅमेरा दिला. आत आरसा नसलेला, छोटा, महागडा. "याच्या आत एक जादू आहे," तो म्हणाला. "आतला सेन्सर तरंगता आहे. तुझा हात उजवीकडे हलला की तो डावीकडे सरकतो. अंधारातसुद्धा फोटो स्थिर येतो. तरी तिपाई घेऊन जा."

मी तिपाई नाकारली. तिपाई मांडली की समोरचा माणूस वस्तू होतो आणि फोटो काढणारा फौजदार, असं माझं मत आहे आणि त्यावर मी बारा पानांची पुस्तिकाही लिहिली आहे. त्या पुस्तिकेच्या वीस प्रती मी सोबत घेतल्या.

"निदान हे तरी वाच," म्हणून नीलेशने कॅमेऱ्याबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक पुढे केलं.

"कंपन्यांचं साहित्य मी वाचत नाही," मी म्हणाले.

शहादा

नंदुरबारहून शहाद्याच्या बसमध्ये चढले तर माझ्यापुढच्या बाईने दोन जागांवर दोन बोचकी ठेवली होती. आमच्याकडे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. इथे रुमालावर कुणाचा विश्वास दिसला नाही, बोचकंच ठेवतात, म्हणजे वाद नको. पण वाद घालणं हा माझा स्वभाव आहे. सार्वजनिक बसमधल्या जागेवर खासगी मालकी कशी सांगता येईल, हे मी उभ्याउभ्या समजावून सांगू लागले. बोलताना माझे हात चालतात. गळ्यातला कॅमेराही हातांबरोबर चालला आणि एका वळणावर बसच्या लोखंडी दांड्यावर जाऊन आदळला.

त्या बाईने बोचकं मांडीवर घेतलं. "बस ना माय, जागा शे ना! भाषण कसाले देई ऱ्हायनी?"

मी बसले. लेन्सचं गोल कडं फिरवून पाहिलं. ते फिरेना.

शहाद्यात उतरल्यावर तीन माणसांनी मला एकाच दुकानाकडे पाठवलं. मुश्ताकचाचांचा फोटो स्टुडिओ. आजोबांनी सुरू केलेला, वडिलांनी वाढवलेला आणि आता चाचा चालवतात. दर्शनी भिंतीवर तापीकाठच्या गुजर घरांतली लग्नं, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातले निरोपसमारंभ आणि मधोमध चाचांचे वडील, हातात भलामोठा कॅमेरा धरलेले.

चाचांनी माझी लेन्स कानाजवळ नेऊन हलवली. डॉक्टर पोट वाजवतात तसं तिच्यावर बोट वाजवलं.

"झूम गया बेटा. हाऊ लेन्स आते सुरतलेच नीट व्हई."

"कधीपर्यंत?"

"पंधरा दिन."

"मला उद्या हवाय हो चाचा!" मी त्यांना झुबेवालीपासून शुक्रवारपर्यंतची सगळी हकिगत सांगितली. चाचांनी नीलेशने दिलेली कॅमेऱ्याची पिशवी उलटीपालटी केली आणि तळातून एक गोल धातूची कडी काढली. नीलेश कुठलीशी जुनी लेन्स या कॅमेऱ्याला जोडायचा, तिची ही कडी. चाचा उठले, आतल्या कपाटातून कापडात गुंडाळलेली एक छोटी, काळी, जड लेन्स घेऊन आले. आट्यांची. बाटलीचं झाकण बसवतात तशी फिरवून बसवायची.

"मन्हा बापनी शे. पन्नास एमएमनी. यानीच बठ्ठा शहादाना लगीन काढात. यामा ना मोटार, ना वायर. फोकस हातखाले, उजेड बी हातखाले."

मला ती लेन्स बघताक्षणी आवडली. दुरुस्त करता येणारी, कुणाच्या परवानगीशिवाय चालणारी वस्तू! वस्तू मुद्दाम लवकर बिघडतील अशा कशा बनवल्या जातात, यावर मी बोलायला सुरुवात केली.

"हा, पण देख बेटा," चाचा मध्येच म्हणाले, "जुना लेन्स मुका ऱ्हास. तो कॅमेराले काहीच सांगस नही. तुले सांगनं पडस, का..."

"मुकी नव्हे चाचा, स्वायत्त!" मी म्हणाले आणि पुढचा मुद्दा मांडला.

चाचांनी लिंबूसरबत मागवलं, माझा मुद्दा संपेपर्यंत पिऊन टाकलं आणि लेन्सचं भाडं घ्यायला नकार दिला. मी त्यांना कृतज्ञतेने माझी तिपाईवरची पुस्तिका दिली. निघताना त्यांनी तिच्याच कोपऱ्यावर स्वतःचा नंबर लिहिला, कोपरा फाडून मला परत दिला. "काही अडकनं ते फोन करजो."

रात्री खानावळीत कळण्याची भाकरी खाल्ली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. मी कोल्हापूरकडची आहे, तिखटाचं मला कौतुक सांगू नका, असं वाढणाऱ्याला म्हणाले. मग अर्धा तांब्या पाणी प्यायले. त्याने तांब्या पुन्हा भरून ठेवला.

घाटाच्या वर

म्हसावदपर्यंत केळी आणि ऊस सोबत होते. मग जीप चढायला लागली आणि शेतं उतारावर तिरपी झाली. आमच्याकडे घरं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून असतात, शेजारच्या घरात भाजी करपली की आमच्या घरात खोकला. इथे एका टेकडीला एक घर. शेजारणीला हाक मारायची तर दरीवरून मारायची. आणि शेजारीण उत्तर देते, तिथून भाजीसुद्धा विचारते.

रेवलीबाईंच्या घरासमोरच्या खडकावर पांढऱ्या फोडींचं अंथरूण पसरलं होतं. आंब्याचा आंबट वास असा की तोंडाला आपोआप पाणी सुटावं. आमच्या घरी आंबटाला चिंच किंवा आमसूल. आमचूर हा प्रकार मी त्या मेळाव्याआधी फक्त चाटच्या गाडीवर ऐकला होता.

"फोड काळी पडली तर व्यापारी नाक मुरडतो," रेवलीबाईंची सून कविता सांगत होती. ती बारावी झालेली, घरात पावरी बोलायची आणि माझ्याशी शाळेतलं मराठी. "सोलताना लोखंड जास्त लागलं तरी काळी पडते. धुकं आलं तरी काळी पडते. बाई चिडलेली असली तरी काळी पडते, असं आमच्या सासूबाई म्हणतात."

"तू चिडतेस म्हणून म्हणते," आतून आवाज आला.

गुरुवारी दुपारी अकराही जणी जमल्या. प्रत्येकीच्या हातात आधार कार्ड होतं.

मी गोंधळले. कविता म्हणाली, "ताई, इथे फोटो काढतात तो कुठल्यातरी फॉर्मसाठीच." गेंदीबाई नावाच्या, दारात उभ्या राहिल्या की घरात अंधार होईल अशा धिप्पाड बाई सगळ्यांत पुढे आल्या, भिंतीला पाठ टेकली, श्वास रोखला आणि डोळे विस्फारून माझ्याकडे बघू लागल्या. आधार केंद्रावरच्या माणसाने त्यांना एकदा ओरडून सांगितलं होतं, पापणी हलली तर रेशन जाईल. तेव्हापासून त्या फोटोसाठी अशाच उभ्या राहतात.

"श्वास घ्या गेंदीबाई! हा तुमचा फोटो आहे, सरकारचा नाही," मी म्हणाले. त्यांनी श्वास घेतला, पण संशयानेच.

बाहेर उन्हात दोनचार फोटो काढून पाहिले. पदराच्या सावलीत चेहरे काळे. रेवलीबाईंनी स्क्रीनकडे बघून मान हलवली. "यात पदर दिसतात. बाया कुठे आहेत?" म्हणून आम्ही आत गेलो. बायका जिथे खरंच बसून आंबे सोलतात त्या लांबट खोलीत, जिथे दारातून येणारा उजेड मऊ होऊन चेहऱ्यांवर पडतो.

आता थोडं कामाचं. तीन रांगांतल्या अकरा जणी स्पष्ट याव्यात तर लेन्सचं भोक लहान करावं लागतं. भोक लहान केलं की उजेड कमी येतो, मग कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात हात हलला तर सगळं पुसट. पण आपल्याकडे तरंगता सेन्सर होता! मी निर्धास्त होते. चाचांची लेन्स फिरवून बसवली, कॅमेरा चालू केला. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला, खाली एक आकडा. मी ओके दाबलं. मोबाइलवर अटी मान्य करताना दाबतो तसंच.

वीस फोटो काढले. वीसही पुसट.

"कुणीतरी हलतंय," मी म्हणाले. "जरा स्थिर बसा."

आणखी वीस. तेही पुसट.

"हलू नका म्हटलं ना! गेंदीबाई, मान खाली! कविता, हात! बोलू नका!" माझाच आवाज माझ्या कानावर पडला आणि मला लाज वाटली. हाच तो फौजदार, ज्याच्यावर मी बारा पानं लिहिली होती. तिपाईविनाच हजर झाला होता.

रेवलीबाई उठल्या, माझ्या हातून कॅमेरा घेतला, फोटो मोठा करून बघितला.

"पोरी, आम्ही हललो?"

"हो ना."

"आणि ही मागची भिंत?"

मी पाहिलं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी नक्षी होती. प्रत्येक रेघ दुहेरी आली होती.

"भिंत कधी हलली?" रेवलीबाईंनी विचारलं.

खोलीत हशा पिकला. गेंदीबाई इतक्या हसल्या की आधार कार्ड आंब्यांच्या ढिगात पडलं आणि ते शोधण्यात पंधरा मिनिटं गेली.

मग सगळ्यांनी मिळून निदान केलं की पोरगी उपाशी आहे, म्हणून हात कापतात. मला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि कैरीची चटणी अशा प्रमाणात वाढण्यात आली की संध्याकाळी माझे हात कापत नव्हते, पण मला उठताही येत नव्हतं.

शुक्रवार

सकाळी गेंदीबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी मला घराच्या खांबाला पाठ टेकवून उभं केलं आणि मागून कमरेला घट्ट मिठी मारली. आणखी एकीने माझं उजवं कोपर धरलं, दुसरीने डावं.

"आता काढ," गेंदीबाई माझ्या मानेमागून म्हणाल्या. "श्वास घेऊ नको."

चाळीस फोटो काढले. त्यांतला एक, फक्त एक, चक्क स्वच्छ आला. नक्षीची रेघ एकेरी, चेहरे उजळ, सोललेल्या कैऱ्यांवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. मी आनंदाने ओरडले. सगळ्या जणी धावत येऊन स्क्रीनभोवती जमल्या आणि आपापली बोटं लावून स्वतःला शोधू लागल्या.

"मी कुठंय?" मानेमागून आवाज आला.

गेंदीबाई फोटोत नव्हत्या. कशा असतील? त्या मला धरून होत्या. कोपरवाल्या दोघीही नव्हत्या. फोटोत आठ जणी होत्या.

पुन्हा प्रयत्न केला. धरणाऱ्या बदलून पाहिल्या. कुणीही धरलं तरी तीन कमीच. त्या दिवशी नशीबही पुन्हा तेवढं उदार झालं नाही, बाकी सगळे पुसट. दुपारचे दोन वाजले. संध्याकाळपर्यंत फोटो सुरतेला जायला हवा होता.

मी रेवलीबाईंना बाजूला घेतलं. "हाच पाठवू या. आठ जणी अगदी छान आल्यात. बाकी तिघी नाहीत असं कसं म्हणता येईल? या आठ जणी सगळ्यांच्या वतीनेच आहेत. समूहाचं प्रतीक..."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी थांबले. रेवलीबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. बाजारात वजनकाट्याकडे बघतात तसं.

"मागच्या वर्षी त्या छापणाऱ्यानेपण हेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याने एकीत अकरा बसवल्या. तू आठात बसवतेस. तू त्याच्यापेक्षा बरी. पण गेंदी लग्नाला जाईल, तिथे पाकीट दाखवेल, लोक विचारतील, यात तू कुठं? ती काय सांगेल? मी फोटो काढणाऱ्या बाईची कंबर धरली होती?"

"सांगेन की!" गेंदीबाई तिकडून ओरडल्या. पण त्यांचा आवाज पडला होता, ते मला जाणवलं.

"अकरा नाहीत तर पाकीट नाही," रेवलीबाई म्हणाल्या. "झुबेवाली छापू दे. तिला निदान आम्ही ओळखत नाही."

त्यानंतरची दहा मिनिटं मी खडकावर फोडींच्या शेजारी बसून काढली. मग उठले आणि बारा पानांच्या विरोधात गेले. कैऱ्यांच्या दोन टोपल्या उलट्या करून एकावर एक ठेवल्या, वर सोळा किलोचा तेलाचा रिकामा डबा, त्याच्यावर माझी घडी केलेली ओढणी आणि त्यावर कॅमेरा. तिपाईच ती, फक्त आंब्याचा वास येणारी. अकराही जणी समोर बसल्या. मी बोटाच्या टोकाने अलगद बटण दाबलं.

पुसट.

मला रडू यायचंच बाकी होतं. रांगेतून उठून आलेली कविता स्क्रीनमध्ये डोकावली. "ताई, एक बघा. तुम्ही हात काढला ना, तरी यातलं चित्र अजून हलतंय. पाण्यात हलतं तसं."

खरंच. मी डब्याला बोट लावलं तर स्क्रीनवरची अख्खी खोली, बायकांसकट, एकदम डावीकडे गेली आणि डुलत परत आली. बोट जेमतेम टेकलं होतं. म्हणजे मी हलत नव्हते, भिंत हलत नव्हती. आतला तो तरंगता सेन्सर, ज्याने हलणं थांबवायचं, तोच नाचत होता.

रेंजसाठी घरामागच्या चढावर एक दगड आहे. त्यावर उभं राहून तोंड गुजरातकडे केलं की मोबाइलला दोन काड्या मिळतात. मी चाचांना फोन लावला. कविता सोबत होती, आणि मागोमाग उरलेल्या दहा जणी.

सगळं ऐकून चाचा म्हणाले, "पहिले हाई सांग. लेन्स लायी तव्हय कॅमेरानी तुले काही इचारं का?"

"विचारलं होतं काहीतरी."

"मंग तू काय सांगं?"

"मी ओके म्हणाले."

"कसाले ओके?"

"ते... वाचलं नाही."



"बेटा," चाचा सावकाश म्हणाले, "तुन्ही पुस्तिका मी वाची. तिपाईवाली. बारा पानं. रातले चष्मा लाईसन बठ्ठी वाची. आनी तुले एक ओळ वाचाले जमनी नही?"

मी स्पीकर चालू ठेवला होता, हे मला तेव्हा आठवलं. कविता पावरीत भाषांतर करत होती आणि दहा जणी माना डोलवत होत्या.

मग चाचांनी समजावलं. नवी लेन्स कॅमेऱ्याला आपण होऊन सांगते की मी एवढ्या लांबीची आहे. जुनी सांगू शकत नाही, म्हणून कॅमेरा माणसाला विचारतो. "हातमा आखूड काठी धर आनी हात हालाव. टोक थोडं हालस. लांब बांबू धर, तेवढाच हात हालाव. टोक भलतंच हालस ना? कॅमेराले वाटस तुन्हा हातमा बांबू शे. म्हनीसन तो दाबीसन आवरी ऱ्हायना. पण हातमा काठीच शे!"

मेनूत शोधलं. नीलेशने पक्ष्यांसाठी ती जुनी, पाचशेची लेन्स लावली होती, तो पाचशे आकडा तसाच होता. चाचांची लेन्स पन्नासची. बिचारा कॅमेरा माझा हात सुतभर हलला की दहापट जोराने उलटा धावत होता, माझ्यासाठी जिवाचं रान करत होता, आणि त्या धावण्यानेच सगळं पुसट होत होतं. दोन दिवस मी त्या कॅमेऱ्यासारखीच वागत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. परतीच्या जीपमध्ये सुचलं आणि मग झोप लागली नाही.

शून्य कमी केलं. पन्नास.

खाली आलो तेव्हा चार वाजून गेले होते. ऊन कलून दारातून थेट आत आलं होतं. मी डबा, टोपल्या बाजूला सारल्या आणि कॅमेरा हातात घेतला. कुणी धरायचं नाही. गेंदीबाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या, श्वास चालू, पण माझ्या कमरेकडे काळजीने बघत. त्या म्हणाल्या, "पडलीस तर?"

"पडले तर पडले," मी म्हणाले. त्यावर कुणीतरी पावरीत काहीतरी बोललं, त्याचा अर्थ कविताने मला आजतागायत सांगितलेला नाही, आणि अकराही जणी हसल्या. मी तेवढ्यात बटण दाबलं.

फोटो मोठा करून रेवलीबाईंनी आधी भिंत तपासली. नक्षीची प्रत्येक रेघ एकेरी. मग बोटाने एकेक चेहरा मोजला. अकरा. त्यांनी पुन्हा मोजले, या वेळी उलट्या बाजूने.

फोटो कॅमेऱ्यातून मोबाइलमध्ये घेऊन दगडावरून सुरतेला पाठवायला पाऊण तास लागला. छापखानेवाल्याचा लगेच फोन आला. फोटो चांगला आहे, पण पाकीट पाव किलोचं आहे बेन, इतकी माणसं त्यावर तुरीच्या डाळीएवढी दिसतील. मधल्या तिघींचे चेहरे कापून मोठे करून टाकतो.

मी तोंड उघडलं. रेवलीबाईंनी फोन माझ्या हातून काढून घेतला.

"फोटो कापायचा नाही," त्या म्हणाल्या. "पाकीट मोठं कर."

"केवढं?"

"आम्ही दिसू तेवढं."

इचलकरंजी

म्हणून या वर्षी तो आमचूर एक किलोच्या पाकिटात येतो. एक किलो आमचूर कोण विकत घेतं, असं तुम्ही विचाराल, तर मेसवाले, भेळवाले आणि मी. आमच्या घरी वर्षाला चमचाभर लागतो.

पाकीट आलं त्या दिवशी आईने ते ओट्यावर उभं केलं, चष्मा लावला आणि सगळ्यांची ओळख करून घेतली. समोरची अख्खी बाजू म्हणजे तो फोटो, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग तिने कात्री घेतली आणि तिचा हात थांबला.

"आता हे कुठनं कापू गं? हितनं वरनं कापलं तर मागल्या बायकांची डोकी जात्यात. खालनं कापलं तर हिचे पाय." तिचं बोट गेंदीबाईंवर होतं. "आणि हिकडनं कडेनं कापायचं म्हटलं तर ही पोरगी अर्धी." ती कविता होती.

पाकीट चार दिवस तसंच उभं राहिलं. डाळीत चिंचच पडत राहिली. पाचव्या दिवशी आईने ते उलटं केलं. मागच्या बाजूला छापखान्याचं नाव, वजन, जेमतेम वाचता येतील एवढ्या बारीक अक्षरांतल्या सूचना आणि बारकोड होता. त्या सूचना मी या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्या. तिथे कुणाचाही चेहरा नव्हता.

"हां, हितनं," आई म्हणाली आणि तिने बारकोडच्या बरोब्बर मधून कात्री चालवली.